हळदीचं बोट

मेल आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये मिसळ खात होते. सगळ्यांना एकत्र पाठवलेला, इंग्रजीत, अगदी गोड गोड. सारांश असा, की नोव्हेंबरच्या प्रयोगात आम्हाला जो सिग्नल दिसला तो खरा नव्हता, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत; डिटेक्टर हाताळणाऱ्या कंत्राटी मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे आत घाण गेली; सदर मदतनीस सहदेव परब यांना कामावरून कमी करण्यात आलं आहे. खाली नाव अनिरुद्ध सरांचं. लॅबचे प्रमुख आणि माझे पीएचडीचे गाइड.

तळपायाची आग मस्तकात गेली. घाण म्हणे. हळदीला घाण म्हणतात हे, आणि ती लावली कोणी ते सोयीस्कर विसरतात. लॅबमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो आहे यार, प्रत्येकाच्या. समोरच्या टेबलावर चैतन्य बसला होता, माझा सीनियर. त्यानेही मेल वाचला होता, कारण तो फोन पालथा ठेवून मान खाली घालून इडली खात होता.

थांबा, नीट सांगते. नीट सांगितल्याशिवाय मी एवढी का चिडले ते कळायचं नाही.

आमची लॅब कांजूरमार्गला. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट आत येतो आणि पाहुणे असले की सर अगरबत्ती लावायला सांगतात. डिटेक्टर आम्ही इथे बनवतो, पण प्रयोग होतो दुसऱ्या राज्यातल्या एका रिंगवर. रिंग म्हणजे भली मोठी गोल नळी. तिच्यात इलेक्ट्रॉनचे पुंजके जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत राहतात आणि वळताना प्रकाश फेकतात. अडचण एवढीच की पुंजका लांबट असतो, त्यामुळे त्याची चमकही लांबते. पदार्थाच्या आत अणू हलतात कसे ते बघायचं तर चमक फार म्हणजे फारच छोटी लागते. एका सेकंदाचे कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे परत कोटी करा. तसल्या चारपाच तुकड्यांत प्रकाश यायला आणि जायला हवा.

म्हणून आम्ही पुंजक्याचा काप काढतो. पुंजका म्हणजे मुळा समजा आणि लेझर म्हणजे सुरी. लेझरची अतिशय छोटी चमक धावत्या पुंजक्यावर बरोबर सोडायची. ती जिथे पडते तेवढ्या पातळ चकतीतले इलेक्ट्रॉन विस्कटतात, आणि पुढे ती चकती स्वतःची वेगळी चमक देते, लेझरएवढीच छोटी. लेझर इतका गडद लाल की डोळ्याला जेमतेम दिसतो. चकतीचा प्रकाश मात्र निळा. डिटेक्टरच्या तोंडावर लाल अडवणारा फिल्टर बसवला, की आत येईल तो फक्त चकतीचा. बोलायला सोपं आहे. माझी पाच वर्षं त्यात गेली.

आता खंडेनवमी. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून आमच्याकडे उपकरणांची पूजा आदल्या दिवशी. सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा, पेढे, आरती. सर देवभोळे आहेत असं अजिबात नाही, एरवी नारळ फोडणाऱ्यांची टिंगल करतात. पण पूजेला जॅकेट घालून येतात, कारण फोटो निघतात. यंदा डिटेक्टर नवा होता, रिंगवर जायच्या तयारीत. त्याचा डबा उघडून टेबलावर ठेवला होता. सहदेवदादा मागे आरतीचं ताट धरून उभे होते. सरांनी वाटीत बोट बुडवलं आणि ओली हळद थेट फिल्टरच्या धातूच्या कड्याला लावली, वर कुंकू. चैतन्यने फोटो काढला. सर म्हणाले, "अजून एक काढ, डोळे मिटले माझे." म्हणजे दुसरं बोटही लावलं. सुट्टीनंतर रिवाजाप्रमाणे सहदेवदादांनी सगळं पुसलं. वरून स्वच्छ. कडं आणि काच यांच्या फटीत जे सुकून बसलं होतं ते कुणाला दिसणार होतं?

नोव्हेंबरमध्ये शिफ्ट मिळाली, म्हणजे रिंगवर प्रयोगाची आमची पाळी. आता रिंगवर जावं लागत नाही, डबा तिकडे बसवतात आणि आम्ही कांजूरहून स्क्रीनवर सगळं चालवतो. तीन दिवस काही नाही. शेवटच्या दुपारी सिग्नल आला, चांगला टपोरा. सर म्हणाले लेझर बंद करा. केला, सिग्नल गेला. चालू करा. केला, सिग्नल आला. सरांनी टाळी वाजवली आणि शिपाई खंडूला पेढे आणायला पिटाळलं.

मी म्हटलं, "सर, लेझर थोडा मागेपुढे करून बघूया. पुंजका तिथे नसताना सिग्नल जायला पाहिजे. आणि फिल्टर पण रुंद आहे, हिरवं पण आत येतंय." रुंद फिल्टर सरांनीच घ्यायला लावला होता, आधी काहीतरी सापडू दे म्हणून.

"ऋतिका, आनंदाच्या वेळी मिठाचा खडा टाकायची तुला सवयच आहे," सर म्हणाले. "ते नंतर."

नंतर काय, बातमी. पेपरात फोटो. आमच्या सोसायटीने घाटकोपरच्या एका हॉलमध्ये माझा सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ आणि बॅनरवर माझा दहावीतला फोटो. मी तिथे शालीच्या गोंड्यांना गाठी मारत बसले होते, कारण ते मागेपुढे करून बघणं राहिलेलंच होतं.

शेवटी मी सरांना न विचारता रिंगवरच्या श्यामसुंदर सरांना फोन लावला. ते तिथल्या टीमचे प्रमुख, मूळचे मुलुंडचे. त्यांना म्हटलं, देखभालीच्या दिवशी रिंग रिकामी असते, तेव्हा फक्त लेझर सोडून बघाल का. त्यांनी सोडला. रिंगमध्ये एक इलेक्ट्रॉन नाही, आणि सिग्नल तसाच्या तसा, टपोरा. वाट लागली.

डबा परत मागवला. टेबलावर उघडला, दिवे घालवले आणि नोटा तपासायची निळी बॅटरी मारली. फिल्टरच्या कड्याभोवती हिरवट पिवळी रेघ चमकली. मी टाचणीने थोडं खरवडलं आणि वास घेतला. हळद. आमच्या लाल लेझरचा मार इतका जबरदस्त असतो की त्याचा उडालेला शिंतोडाही हळदीला पुरतो, ती लाल गिळते आणि हिरवं ओकते. हिरवं आमच्या रुंद फिल्टरमधून आरामात आत जातं. लेझर बंद केला की हळद विझते, चालू केला की पेटते. म्हणजे आम्ही जगातली सगळ्यात छोटी चमक म्हणून जिचे पेढे खाल्ले, ती स्वयंपाकघरातली हळद होती. मी हसले, खरंच हसले, आणि सरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं तेही हसतील. चूक कुणाचीही होते, दुरुस्त करायची आणि पुढे जायचं.

सरांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि बंद केली. मग म्हणाले, "डबा पॅक कोणी केला होता?"

"सहदेवदादांनी. पण सर, हळद तर..."

"ठीक आहे. मी बघतो."

त्यांनी हे असं बघितलं.

चैतन्यला मी कॅन्टीनमध्येच धरला. म्हटलं, "फोटो तू काढलास. दोनदा काढलास. बोलणार आहेस की नाही?"

"हे बघ, माझी मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. सरांचं पत्र लागतं."

"आणि सहदेवदादांना काही लागत नाही?"

"ते कंत्राटी आहेत गं. त्यांना एजन्सी दुसरीकडे लावेल." मग हळूच म्हणाला, "तू पण तुझं बघ. थिसीसवर सही कोणाची आहे?"

मला त्याच्या ताटातलं सांबार त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं. ओतलं नाही, एवढीच आईची शिकवण. मी स्कूटर काढली आणि विक्रोळीला पार्कसाइटला सहदेवदादांच्या घरी गेले.

सहदेवदादा चाळिशीचे, आमच्याच कुडाळकडचे. लॅबमध्ये माझ्याशी मालवणीत बोलणारे ते एकटेच. दार त्यांच्या बायकोने उघडलं, पार्वतीवहिनींनी. मला बघून त्या बाजूला झाल्या नाहीत.

"आता कशाला आलीस? सगळ्या लॅबला नाव घालून कळवलंत ना, माझा नवरा निष्काळजी म्हणून? एजन्सीवाल्याने पण वाचलंय ते. दुसरीकडे लावायचं सोडा, फोन उचलत नाही तो."

त्यांचा राग माझ्या रागापेक्षा खरा होता.

"येवंदे गो तिका," आतून सहदेवदादा म्हणाले. ते जमिनीवर बसून मिक्सर दुरुस्त करत होते, शेजाऱ्यांचा असावा. माझ्याकडे बघून हसले. तेच हसणं मला सहन झालं नाही.

"दादा, तुम्ही गप्प का बसलात?"

"सरांचो फोन इल्लो. म्हणाले, नुसतं कागदावर आसा. थोड्या दिवसांनी परत घेणार."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"तू कित्याक रागावतस?" त्यांनी स्क्रू हातात घोळवला. "चूक माझीच आसा. हळद माझ्या घरची होती गो. आवशीन गावसून धाडलेली. मीच वाटी भरून नेललंय. बाजारची नेली असती तर इतकी चमकली नसती."

ऐकलंत? माणसाची नोकरी गेली, बदनामी झाली, आणि तो आईच्या हळदीच्या चांगुलपणाला दोष देतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने आलं.

"हळद तुमची, बोट कोणाचं?" मी ओरडले. "फटीत बोट तुम्ही घातलं होतं?"

"सरांचा नाव घेव नको. तुझ्या शिक्षणाचो प्रश्न आसा."

"घेऊ दे तिला," पार्वतीवहिनी दारातूनच म्हणाल्या. "एवढी शिकलीय तर कशासाठी शिकलीय?"

त्यांनी मला चहा विचारला नाही. बरोबर केलं.

रिंगवाल्यांबरोबर व्हिडिओ कॉल शुक्रवारी होता, पुढच्या शिफ्टचं ठरवायला. मोठ्या टेबलाभोवती आम्ही सगळे, समोर स्क्रीनवर श्यामसुंदर सर आणि त्यांची सहासात माणसं. सरांनी सुरुवात केली. दुर्दैवी घटना, हाताळणीतली चूक, योग्य ती कारवाई केलेली आहे, आता पुढे जाऊया. आवाज असा की श्रद्धांजली वाहतायत.

मी लॅपटॉप जोडला आणि फोटो लावला. विचारलं नाही कुणाला.

स्क्रीनभर सर. जॅकेट, कपाळाला गंध, उघड्या डिटेक्टरवर वाकलेले, अनामिका पिवळीजर्द आणि बरोबर फिल्टरच्या कड्यावर टेकलेली. मागे, बऱ्याच लांब, सहदेवदादा ताट धरून.

"हा खंडेनवमीचा फोटो," मी म्हटलं. "जी घाण सापडली ती ही. बोट सरांचं आहे."

चैतन्य टेबलाच्या लाकडावरच्या रेघा वाचत होता.

आणि मग श्यामसुंदर सर हसायला लागले. "अरे अनिरुद्ध, तू पण? आमच्याकडे तर मॅग्नेटला कुंकू लावतात, मी ओरडून ओरडून थकलो." त्यांच्याकडची सगळी हसली. एक जण म्हणाला, यावर पेपर लिहा, हळदीची अतिलघु चमक. परत हशा. आणि आमचे सर, दोन मिनिटांपूर्वी पांढरे पडलेले सर, तेही हसायला लागले, मान हलवून, म्हातारपणी सांगायला छान किस्सा मिळाल्यासारखे. इकडची पण हसली. चैतन्य सगळ्यात मोठ्याने.

मला वाटलं होतं बोट कोणाचं ते कळलं की सगळे गंभीर होतील. यांचा झाला विनोद. तेच बोट सहदेव परबांचं ठरवलं होतं तेव्हा निष्काळजीपणा होता, कारवाई होती, घाण होती. सरांचं ठरल्याबरोबर तो किस्सा झाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"झालं हसून?" मी म्हटलं.

आवाज माझा मलाच मोठा वाटला. सगळे थांबले.

"एवढी मजेची गोष्ट आहे तर माणूस घरी का बसलाय? त्याचं नाव घालून मेल तुम्हा सगळ्यांना गेला. त्यानंतर त्याला कोणी दारात उभं करत नाही. तो शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतोय."

"ऋतिका," सर म्हणाले, "हे बोलायची ही जागा नाही."

"मेल याच लोकांना गेला होता ना सर? मग जागा हीच."

"आपण नंतर केबिनमध्ये बोलू."

"नंतर नको. नोव्हेंबरमध्ये पण तुम्ही नंतरच म्हणाला होतात." मी फोटो स्क्रीनवर तसाच ठेवला. "फेब्रुवारीच्या शिफ्टला लेझर पुंजक्यावर बसवायचं काम माझं आहे, दुसऱ्या कुणाला येत नाही. डिटेक्टर सहदेवदादाच पॅक करतील. ते नसतील तर मी पण नाही. थिसीस गेली खड्ड्यात."

ते शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, पण मागे घ्यायला मी काही सर नव्हते.

श्यामसुंदर सरांचा चेहरा आता उतरला होता. आपण हसलो याची त्यांना लाज वाटली असावी, निदान मी तसं धरून चालते. म्हणाले, "अनिरुद्ध, तो मेल आधी दुरुस्त कर. आज. मग शिफ्टचं बोलू." आणि कॉल बंद झाला.

संध्याकाळी दुसरा मेल आला. यापूर्वी उल्लेख केलेल्या मदतनिसाचा या घटनेशी संबंध नसल्याचं निदर्शनास आलं आहे, ते सेवेत रुजू होतील. सदर त्रुटी कोणा एका व्यक्तीची नव्हे. कोणा एका व्यक्तीची नव्हे. म्हणजे ती हळद आपोआप उडून बसली. सहदेवदादांच्या नावाला मेलमध्ये जागा होती, सरांच्या नावाला नाही. मी फोन करून वाचून दाखवला तर दादा नुसतं "बरा झाला" म्हणाले. मागून वहिनींनी विचारलं, "माफी मागितली?" मी नाही म्हटलं. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "मग तू सोडू नकोस."

दादा सोमवारी आले, जेवणाचा डबा घेऊन आले आणि कामाला लागले. फेब्रुवारीची शिफ्ट झाली. नवं कडं, अरुंद फिल्टर, पूजा नाही. आधी रिंग रिकामी ठेवून लेझर सोडला, रेघ सपाट. मग पुंजका आला. खूप शोधाशोध केल्यावर रेघेवर एक बारकासा उंचवटा आला, हळदीच्या निम्माही नाही. लेझर किंचित पुढे सरकवला, उंचवटा गेला. परत जागेवर आणला, आला. मी दहा वेळा सरकवला आणि दहा वेळा जागेवर आणला. पेढे कोणी मागवले नाहीत. दादांनी त्यांच्या डब्यातला लाडू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मग मी थिसीस लिहायला बसले. त्यात एक अख्खं प्रकरण हळदीचं घातलं. खोटा सिग्नल कसा ओळखायचा हे पुढच्यांना कळायला पाहिजे, विज्ञान म्हणून ते बरोबरच आहे, कोणीही नाही म्हणू शकत नाही. हळद कड्यावर कुठे आणि कशी लागली ते दाखवायला आकृती हवी, म्हणून खंडेनवमीचा फोटो घातला, पानभर.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "हा फोटो काढ."

"का सर? सगळे हसले होते की."

"नावं तरी काढ."

"नावं राहतील."

खाली सगळ्यांची नावं आहेत, डावीकडून उजवीकडे, पदासकट. सरांच्या नावापुढे लिहिलंय, फिल्टरच्या कड्याला हळद लावताना. सहदेव परब यांच्या नावापुढे लिहिलंय, मागे उभे, हातात ताट, डिटेक्टरपासून चार हात लांब.

थिसीस महिनाभर सरांच्या टेबलावर पडून आहे. दादा रोज सकाळी टेबल पुसतात आणि तिला हात लावत नाहीत, भोवतीने पुसतात. सही झालेली नाही. मी रोज जाऊन विचारते.